पाच हात, पाच मुठी

रोज रात्री साडेआठला लेकीचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आई, आज किती चाललीस?" पूर्वी माझं उत्तर असायचं, "अगं, तळजाईला जाऊन आले." तिचं समाधान व्हायचं, माझंही. मग दिवाळीत नातवाने पहिल्या पगारातून मला स्मार्टवॉच घेऊन दिलं आणि उत्तर बदललं. मी सांगू लागले, "पाच किलोमीटर." आकडा सांगताना मान जरा ताठ व्हायची, हे कबूल करते.

याच पाच किलोमीटरने मला पुढे चांगलंच अडचणीत आणलं. ती गोष्ट आधी सांगते, म्हणजे इतिहासाच्या बाई घड्याळावर का लिहायला बसल्या हे कळेल.

दोन वर्षांपूर्वी माझी अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून ठरावीक महिन्यांनी तपासणी असते आणि व्यायामाची वही बरोबर न्यायची असते. मागच्या खेपेला वहीत मोठ्या दिमाखात लिहिलं होतं, रोज पाच किलोमीटर, सत्तर मिनिटांत. डॉक्टर खूश झाले. या खेपेला त्यांनी सहा मिनिटं चालण्याची चाचणी घ्यायला सांगितली. साधीच असते. तीस मीटरचा बोळ, दोन्ही टोकांना खुणा, सहा मिनिटांत जमेल तेवढ्या फेऱ्या मारायच्या. माझ्या बरोबर तेरा फेऱ्या झाल्या. तेरा त्रिक एकोणचाळीस, म्हणजे ३९० मीटर.

डॉक्टरांनी वही पुढे ओढली आणि कागदावर भागाकार केला. "बाई, तुमच्या वहीप्रमाणे तुम्ही रोज सहा मिनिटांत सव्वाचारशेच्या वर चालता. तेही निवांत. आज जोर लावून ३९०? दम लागतोय का? छातीत काही?" मी म्हटलं, काहीच नाही. पण त्यांच्या कपाळावर आठी दिसली. इतक्यात एवढी घट झाली असेल तर पुढच्या तपासण्या कराव्या लागतील, आठ दिवसांनी या, असं म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांनी माझ्या वहीवर विश्वास ठेवला होता.

घरी येताना रिक्षात एकच विचार. एक तर माझं हृदय खोटं बोलतंय, नाहीतर माझं घड्याळ.

त्या रात्री शेजारच्या मुलाकडून आणखी दोन अ‍ॅप टाकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी तिन्ही चालू करून निघाले. बिबवेवाडीतून पद्मावतीच्या बाजूने तळजाई आणि परत, रोजचाच रस्ता. पहिल्या अ‍ॅपने सांगितलं ५.०, दुसऱ्याने ४.६, तिसऱ्याने ४.९. पाय तेच, रस्ता तोच, मनगटही तेच. आता यातला खरा कोण?

नातवाला विचारलं तर तो म्हणाला, "आजी, ज्याला जास्त स्टार असतील ते घे." स्टार म्हणजे लोकांचं मत. शाळेत आम्ही एक गोष्ट घोटून घ्यायचो, की साक्षीदार किती आहेत यापेक्षा त्यांना माहिती कुठून मिळाली ते आधी बघा. आणि मग मला एकदम सभासद आठवला.

कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून १६९७ च्या सुमारास जिंजीला शिवाजी महाराजांची बखर लिहिली. तीत लढाया आहेत, तसाच जमीन मोजणीचाही मजकूर आहे. मुलं तो भाग गाळून अफजलखानाकडे धावायची. मलाही तरुणपणी तो रुक्षच वाटायचा. त्यात काठीचं माप दिलं आहे. काठी पाच हात पाच मुठींची. हात चौदा तसूंचा. हात आणि मुठी मिळून काठीची लांबी ब्याऐंशी तसू. अशा वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद तो एक बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. महाराजांच्या या मोजणीचं काम अण्णाजी दत्तोंनी पाहिलं.

आता यात गंमत बघा. "पाच हात पाच मुठी" म्हटल्यावर काम भागायला हवं होतं. मग लगेच तसूंचा हिशेब कशाला? तर हात कोणाचा, हा प्रश्न आहे म्हणून. उंच माणसाचा हात लांब, बुटक्याचा आखूड. आखूड हाताने शेत मोजलं की बिघे वाढतात, आणि बिघे वाढले की सारा वाढतो. शेतकऱ्याच्या घरात ज्वारीची किती पोती राहणार, ते मोजणाऱ्याच्या हाताच्या लांबीवर ठरायला नको. म्हणून हात हे नाव ठेवलं, पण माणसाचा हात त्यातून काढून घेतला. ब्याऐंशी तसू म्हणजे ब्याऐंशी तसू, मग काठी कोणीही धरो. आपण आजही "तसूभरही हलणार नाही" म्हणतो. तसू कोणाला माहीत नाही, पण त्याचा ठामपणा भाषेत राहिला आहे.

हे आठवलं आणि माझ्या पहिल्या अ‍ॅपचं बिंग फुटलं. घड्याळ पहिल्यांदा चालू केलं तेव्हा त्याने माझी उंची विचारली होती. मी लिहिली होती पाच फूट एक इंच. त्यावरून त्याने परस्पर ठरवून टाकलं, की एवढ्या उंचीच्या बाईचं पाऊल सुमारे ६४ सेंटिमीटरचं असणार. पावलं मोजायची, त्याला ६४ ने गुणायचं, झालं अंतर! पण ते पाऊल कोणाचं? सरासरीतल्या कुठल्यातरी बाईचं. त्र्याहत्तरीतल्या, अँजिओप्लास्टी झालेल्या, फुटपाथवरचे खड्डे बघत चालणाऱ्या माझं नव्हे. बखरीतल्या शेतकऱ्याचे आखूड हाताने बिघे वाढले असते, माझे लांब पावलाने किलोमीटर वाढले होते.

मोजणीच्या इतिहासातली दुसरी आठवण विदर्भातली आहे. वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याचं थडगं आहे. हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा हा जनक. १८०२ च्या एप्रिलमध्ये त्याने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पहिली पायारेषा मोजायला घेतली. साडेसात मैलांची ही रेषा त्याने शंभर फुटी पोलादी साखळीने मोजली. उन्हाने पोलाद लांबतं म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवायची, तापमानाची नोंद करायची आणि तेवढा फरक हिशेबात धरायचा. मला सगळ्यांत आवडते ती त्याची दुसरी साखळी. ती मोजायला वापरायची नाही. पहिली साखळी वापरून वापरून किती ताणली गेली, हे तिच्याशी ताडून बघायचं, एवढंच तिचं काम. असं मोजत मोजत तो उत्तरेकडे सरकत गेला आणि हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. वय सत्तरीच्या घरात. म्हणजे माझ्याच वयाचा की हो!

माझ्याकडे पहिली साखळी होती, दुसरी नव्हती. एका अ‍ॅपला दुसऱ्या अ‍ॅपशी ताडून काही उपयोग नाही, दोन्ही ताणलेल्या असतील तर कळणार कसं?

तिसरी आठवण एका मास्तरांची, म्हणून जरा जास्त जवळची. कुमाऊंतल्या मिलमचे नैनसिंह रावत हे शाळामास्तर होते, त्यामुळेच त्यांना "पंडित" म्हणत. तिबेटात इंग्रजांना शिरता येत नव्हतं, म्हणून १८६३ मध्ये त्यांना आणि त्यांच्या भावाला डेहराडूनला नेऊन शिक्षण दिलं. मुख्य धडा काय, तर एकसारखं पाऊल टाकणं. चढ असो, उतार असो, पाऊल तेवढंच. एका मैलाला सुमारे दोन हजार पावलं. मोजायला हातात जपमाळ. मात्र तिच्यात १०८ ऐवजी १०० मणी. शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. लोकांना वाटावं, भाविक यात्रेकरू नाम घेत चालला आहे. नोंदींचे कागद प्रार्थनाचक्रात लपवलेले. १८६५-६६ मध्ये ते असे काठमांडूहून ल्हासाला गेले आणि मानसरोवरावरून परतले. सुमारे १२०० मैल, पंचवीस लाखांच्या आसपास पावलं, एकेक मोजलेलं. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं.

हिशेब केलात का? शंभर मणी गुणिले शंभर पावलं. माळेचा एक फेरा म्हणजे दहा हजार पावलं. आज प्रत्येक घड्याळ ज्या दहा हजारांच्या मागे आपल्याला पळवतं, तोच आकडा. योगायोग आहे, बाकी काही नाही. घड्याळातले दहा हजार जपानातून आले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर तिथे व्यायामाची लाट आली आणि १९६५ मध्ये यामासा या कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजण्याचं यंत्र काढलं, नाव "मानपो-केई". मान म्हणजे दहा हजार, पो म्हणजे पाऊल, केई म्हणजे मापक. आकडा गोल होता, तोंडात बसला, आणि पुढे जगभर जणू डॉक्टरी सल्ला असल्यासारखा पसरला. २०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, सरासरी वय ७२. दिवसाला २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि साधारण ७५०० च्या पुढे आणखी फरक दिसेना. चालल्यामुळेच आयुष्य वाढलं, असं अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. पण दहा हजार झाले नाहीत म्हणून रात्री दिवाणखान्यात येरझारा घालणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी हे जरूर वाचावं.

असो. माळेच्या जागी आता घड्याळात एक बारीकशी चकती असते, ॲक्सेलरोमीटर म्हणतात तिला. मनगटाला बसणारा प्रत्येक हिसका ती टिपते आणि त्यात चालण्याची लय दिसली की एक पाऊल मोजते. म्हणजे ती पायाकडे बघतच नाही, हाताकडे बघते! भजनात टाळ वाजवून आले तर माझी दीडशे पावलं झालेली होती, मांडी घालून बसल्या जागी. उलट पर्वतीच्या १०३ पायऱ्या कठडा धरून चढले तेव्हा निम्म्याही मोजल्या नाहीत.

दुसरी पद्धत उपग्रहांची. अमेरिकेच्या जीपीएसमध्ये सामान्य लोकांसाठी मुद्दाम चूक मिसळलेली असे, जवळजवळ शंभर मीटरपर्यंतची. ती मे २००० मध्ये बंद केली, तेव्हा कुठे मनगटावरच्या घड्याळाला रस्ता मोजणं शक्य झालं. पण उंच इमारतींत आणि दाट झाडीत उपग्रहाचा इशारा भरकटतो. माझ्या दुसऱ्या अ‍ॅपने काढलेली तळजाईची वाट पाहिली तर मी झाडांतून नागमोडी धावत होते आणि येताना दोन बंगल्यांच्या आरपार गेले होते. ४.६ त्यामुळे.

मग ठरवलं, आपली काठी आपणच करायची.

सोसायटीचं काम करणाऱ्या कंत्राटदाराकडून पन्नास मीटरची टेप मागून आणली. वॉचमनने एक टोक धरलं, मी दुसरं. मोकळ्या जागेतून जाणारा आतला रस्ता चार वेळा टेप लावून मोजला, खडूने खुणा केल्या. २०० मीटरची फेरी तयार झाली. पाच फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर, पक्का. गॅलरीतून लोक बघत होते. बघू देत!

नंतर जपमाळ काढली. शंभराव्या मण्याला लाल दोरा बांधला, उरलेल्या आठ मण्यांची मनोमन क्षमा मागितली आणि नैनसिंहांसारखी निघाले. एका किलोमीटरला माझी १८५० पावलं झाली. हजार मीटर भागिले १८५०, म्हणजे पाऊल ५४ सेंटिमीटर. घड्याळ धरून बसलं होतं ६४! तीन दिवस मोजलं, दहा-वीस पावलांचा फरक, बस्स.

तिन्ही अ‍ॅपची परीक्षा याच फेरीवर घेतली. एक किलोमीटरला पहिलं अ‍ॅप सांगे १.१८. दुसरं मोकळ्या मैदानावर १.०२, आणि इमारतींच्या मधल्या तेवढ्याच वाटेवर १.११. तिसऱ्या अ‍ॅपचा आकडा आधी पहिल्याइतकाच फुगलेला होता, पण त्यात स्वतःच्या पावलाची लांबी लिहायची सोय सापडली. ५४ लिहिले आणि ते ०.९९ ते १.०१ मध्ये येऊन बसलं. तेच ठेवलं. बाकीची दोन काढून टाकली.

नाडीचीही परीक्षा घेतली, कारण डॉक्टरांनी मला नाडीची मर्यादा घालून दिलेली आहे. घड्याळाच्या पाठीमागे हिरवा दिवा असतो, तो कातडीखालच्या रक्ताच्या लहरी बघतो. बोटाने अर्धा मिनिट मोजून दुप्पट केली, बसलेली असताना एक-दोनचाच फरक आला. पण थंडीत एका सकाळी भरभर चालताना घड्याळ १११ दाखवत राहिलं. थांबून लगेच बोटाने मोजली तर ९६. मग लक्षात आलं, माझी मिनिटाला पावलंही साधारण १११ च पडतात! पट्टा सैल होता, हात गार होता, आणि घड्याळ हृदयाऐवजी पावलांचा ठेका धरून बसलं होतं. आता पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, नीट आवळून बांधते.

राहिले कॅलरीचे आकडे. त्याकडे मी बघत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी मनगटावरची सात यंत्रं साठ जणांवर तपासली. त्यांपैकी सहांची नाडी पाच टक्क्यांच्या आत बरोबर होती, पण खर्च झालेल्या उष्मांकांत सगळ्यांत चांगल्या यंत्राचीही सरासरी चूक २७ टक्के होती आणि सगळ्यांत वाईटाची ९३. कारण उघड आहे. पाऊल मोजता येतं, नाडी मोजता येते. कॅलरी तिथे कोणी मोजतच नाही, वय-वजन घालून अंदाज बांधतात. त्या भरवशावर दुसरी पुरणपोळी वाढून घेऊ नये. घ्यायचीच असेल तर पोळीच्या भरवशावर घ्यावी.

आणखी एक. नैनसिंह पावलं मोजत होते ते कोणासाठी? सरकारी सर्वेक्षणासाठी, गुपचूप. आपलं घड्याळ मोजतं ते कोणासाठी, हेही विचारावं. २०१८ च्या जानेवारीत लोकांच्या लक्षात आलं, की स्ट्राव्हा या अ‍ॅपने जगभरच्या धावणाऱ्यांच्या वाटांचा जो नकाशा प्रसिद्ध केला होता, त्यात परदेशातल्या लष्करी तळांवरच्या सैनिकांच्या वाटाही उजळून दिसत होत्या. माझ्या तळजाईच्या वाटेत गुपित काही नाही. तरी सकाळी सहा ते सव्वासात घरात कोणी नसतं, हे साऱ्या गावाला कशाला कळायला हवं? म्हणून अ‍ॅप घेताना ते काय काय परवानग्या मागतं ते वाचलं. चालणं मोजायला फोनमधले सगळ्यांचे नंबर लागत नाहीत.

तर आठ दिवसांनी वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यात टेप, माळ, तिन्ही अ‍ॅप, सगळ्याचा तक्ता आखलेला. पाच किलोमीटर भागिले १.१८, म्हणजे माझी रोजची तळजाई खरी सव्वाचार किलोमीटरच्या आत-बाहेर. सत्तर मिनिटांत तेवढं, म्हणजे मिनिटाला साठ मीटर, म्हणजे सहा मिनिटांत ३६०. बोळात जोर लावून केले ३९०. सगळं जुळलं. डॉक्टरांनी तक्ता दोनदा वाचला, पुन्हा एकदा बोळात चालवलं (पुन्हा तेराच फेऱ्या!) आणि म्हणाले, "बाई, तुमची तब्येत होती तिथेच आहे." पुढच्या तपासण्या त्यांनी तूर्त बाजूला ठेवल्या. निघताना म्हणाले, "आकडा थोडा चुकला तरी चालेल, पण रोज एकाच मापाने मोजा. मला वाढ-घट त्यातूनच दिसते."

मी मनात म्हटलं, पाच हात पाच मुठी.

त्या रात्री साडेआठला फोन आला. "आई, आज किती?"

"सव्वाचार किलोमीटर."

पलीकडे क्षणभर शांतता. मग काळजीचा आवाज, "का गं? कमी झालं?"

"कमी नाही झालं," मी म्हटलं. "आधीपासून तेवढंच होतं. मी तुला जास्त सांगत होते."